सात वेळा एक

जासईच्या आमच्या वसतिगृहात एका पावसाळ्यात मोठ्या संख्यांचे वेड शिरले. निमित्त झाले गणिताच्या सरांनी सांगितलेल्या द. रा. कापरेकरांचे. डहाणूला जन्मलेल्या आणि 1930 ते 1962 देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या या गणितज्ञाला ‘डेम्लो’ संख्या डोंबिवली स्थानकात सुचल्या, म्हणून नावही त्या स्थानकाचेच. 11 चा वर्ग 121, 111 चा 12321. नऊ वेळा एक लिहून वर्ग केला की 12345678987654321.

नुसत्या एकांनी लिहिलेली संख्या मूळ असते का, असा प्रश्न आम्ही विचारला. 11 मूळ आहे. 111 म्हणजे 3 गुणिले 37. एकांची संख्याच विभाज्य असेल तर आशा नाही, कारण सहा एकांना 11 आणि 111 दोन्ही भागतात. पाच एकांचे 41 आणि 271 हे अवयव सापडले. उरले सात एक. 1111111 चे वर्गमूळ 1054 च्या किंचित पुढे. तिथपर्यंतच्या 177 मूळ संख्यांनी भागून पाहायचे. आम्ही नऊ जणांनी वीस-वीसच्या बेताने वाटणी केली. भागाकार म्हणजे वाटणी, हे आमच्या उरण तालुक्यातल्या मुलांना शिकवावे लागत नसे. जमिनी गेलेल्या घरांतून साडेबारा टक्क्यांखेरीज दुसरा विषय नसे.

179 ते 281 हा वाटा ज्याचा, तो मित्र त्याच आठवड्यात घरी गेला. आजीला कचेरीत कागद वाचून दाखवायचे होते. इकडे आम्ही विजयी मुद्रेने वही सरांपुढे ठेवली : मूळ! सर म्हणाले, “239 ने पाहिलेत?” बाकी शून्य. भागाकार 4649.

मग सरांनी वर्म सांगितले. सात एकांना भागणाऱ्या मूळ संख्येला सातने भागले तर बाकी एकच उरते. म्हणजे 29, 43, 71, 113, 127, 197, 211 आणि आठवी 239. आमचे पावणेदोनशे भागाकार आठांवर आले!

पुढे कळले की 11 नंतरची मूळ संख्या थेट एकोणीस एकांची, मग तेवीस, मग 317. 1031 एकांची संख्या मूळ असल्याची सिद्धता 1986 साली प्रसिद्ध झाली. कापरेकर गेले तेही त्याच वर्षी.

पण हे लिहिण्याचे कारण वेगळे. तो मित्र परतला तेव्हा 239 ची चूक त्याच्या नावावर जमा होती. तो काही बोलला नाही. अभ्यासिकेत बसून त्याने आपल्या वाट्याचे वीसही भागाकार केले आणि वही सरांना दिली. सरांनी त्याला पुढे दक्षतेने काम करण्यास सांगितले. आम्ही शेजारीच उभे होतो. त्या वीस संख्यांपुढच्या ‘भाग जात नाही’ अशा खुणा, एकही भागाकार न करता, आम्ही केल्या होत्या.