फोन कुणाच्या हातात?

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या घरी स्मार्टफोन एकच, तोही थोरल्या मुलाकडे. मुलीच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नंबर भावाचा. तो रात्री कामावरून आला की ती घाईघाईने अभ्यास वहीत उतरवून घेते. काच तडकलेली, त्यामुळे अर्धी अक्षरं अंदाजाने.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं आढळलं. बायकांपैकी जेमतेम ३३ टक्क्यांनी. म्हणजे दरी एकाच छपराखालीही आहे. आणि आपण फेसबुक चाळून ‘लोकांना काय वाटतं’ ते ठरवतो! मला याचा राग येतो.

माझा जुना फोन मुलीला द्यायचा, असं मावशींशी बोलले आहे. दर महिन्याच्या रिचार्जचं मात्र अजून ठरायचंय.