अर्धा मीटर

आज बारामतीत कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टवरच्या पुसट रेघा पुन्हा रंगवून घेतल्या. तीन गुणांची रेघ मी स्वतः टेप धरून आखली, 6.75 मीटर. 2010 मध्ये ती 6.25 वरून मागे गेली, तेव्हा इंदापूरहून पहिल्या एसटीने येणारा तो पोरगा नुसता हसला होता. “सर, अर्धा मीटरच ना?” म्हणाला आणि गुडघे जरा जास्त वाकवून टाकत राहिला. चेंडू सुटल्यावरही त्याचा पंजा वर तसाच, मान वाकवलेल्या बगळ्यासारखा. उजनीच्या काठचा होता ना तो! त्याचा नेम मी घडवला म्हणतात. मी तर फक्त चेंडू परत फेकत होतो. शेवटचा सामना हरलो, तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेवायचा राहिला. रंग अजून ओला आहे. संध्याकाळी रेघेपाशी पाय आपोआप थबकला.