चांदीपुरा

चांदीपुरा हे नाव माझ्या कानावर प्रथम आले ते २००३ साली, वर्तमानपत्रातील मृत्यूंच्या बातमीतून. मराठी शिकवणाऱ्याची खोड अशी की, आधी लक्ष गेले ते त्या नावाच्या नादाकडे.

नागपूरजवळचे हे गाव. १९६५ साली त्या परिसरात तापाची साथ पसरली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने) रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा डेंग्यू-चिकुनगुन्याच्या त्या धामधुमीत दोघांच्या रक्तात एक अनोळखी विषाणू सापडला. भट्ट आणि रॉड्रिग्स यांनी १९६७ साली त्याची नोंद प्रसिद्ध केली. आकार बंदुकीच्या गोळीसारखा, कूळ रेबीजच्या विषाणूचे. तरीही पुढे कित्येक वर्षे तो तज्ज्ञांच्या टिपणांपलीकडे फारसा कुणाला ठाऊक नव्हता. मग २००३ च्या जून ते ऑगस्टमध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशात, करीमनगर-वरंगळच्या बाजूला, ३२९ मुले मेंदूच्या आजाराने पडली आणि त्यांतली १८३ गेली. ताप, झटके, बेशुद्धी. आणि अनेकांच्या बाबतीत एक-दोन दिवसांत सारे संपलेले. महाराष्ट्रही त्या वर्षी सुटला नाही.

हा विषाणू माणसापर्यंत पोचवते ती वाळूमाशी. डासाहून लहान, उडण्यात दुबळी, साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत शिरणारी. या माशीत तो सापडल्याचा १९७० सालचा शोधनिबंध आहे, आणि तो आहे तेव्हाच्या औरंगाबादचा. म्हणजे नाव विदर्भातल्या गावाचे लागले, तरी माशी आम्हा मराठवाड्यातल्यांच्याही घरची. इथे वाटुरात ते वाचताना मला माळवदाची घरे आठवली. बायका पांढऱ्या मातीने भिंती पोतारत, भेगा लिंपत. ग्रामीण साहित्य शिकवताना आम्ही त्या भिंतींच्या ओल्या वासावर किती हळवे होऊन बोलतो! वाळूमाशी वाढते ती नेमकी अशाच भिंतींच्या ओलसर भेगांत, गोठ्याच्या कडेला. लिंपायला हात आणि सवड असेल तोवर ठीक. ज्या घरातली बाई दिवस उजाडताच दुसऱ्याच्या शेतावर जाते, तिथली भेग तशीच राहते. पोर निजते ते त्याच भिंतीशी.

रोगांना गावांची नावे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवले. चांदीपुऱ्याला ते शहाणपण पन्नास वर्षे उशिरा लाभले. त्या गावाचा दोष एवढाच की, तिथल्या आजाऱ्याचे रक्त कुणीतरी तपासले. वाटूरच्या कुणाचे तपासले गेले असते, तर आमच्या पोरांनी दाखल्यावर गावाचे नाव लिहिताना कोणते तोंड केले असते, कोण जाणे.

२०२४ च्या पावसाळ्यात, मुख्यतः गुजरातेत, त्याने पुन्हा डोके वर काढले. १५ ऑगस्टपर्यंत तपासणीने पक्के झालेले रुग्ण ६४ होते. साठ वर्षे होत आली, तरी या रोगावर खास औषध नाही आणि लसही नाही. डॉक्टर ताप उतरवतात, झटके आवरतात, मेंदूची सूज कमी करू पाहतात. आणि गावोगाव पथके फिरतात ती भिंतींवर कीटकनाशक फवारत, भेगा बुजवून घ्या म्हणून सांगत.