पवनार : सहाव्या भावाचं घर

वर्ध्याला गेलेली मंडळी सेवाग्रामला बापूकुटी बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. पुढच्या वेळी दोन तास जास्त काढा. नागपूर रस्त्यावर आठ-दहा किलोमीटरवर पवनार आहे. खाली धाम नदी, वर टेकाडावर विनोबांचा आश्रम. जमनालाल बजाज यांच्या इथल्या बंगल्यात विनोबा १९३८ साली राहायला आले. १९५९ साली सुरू झालेल्या ब्रह्मविद्या मंदिरातल्या भगिनी आज आश्रम सांभाळतात. इथे मोबाइल आपोआप सायलेंटवर जातो.

पण ही जागा नुसती ‘पीसफुल’ नाही. जमिनीच्या एका मोठ्या भांडणाशी तिचं नातं आहे.

मार्च १९५१. वर्ध्याकडची मालगुजारी ३१ तारखेला कायद्याने संपणार होती. शेजारच्या तेलंगणात मात्र १९४६ पासून शेतकरी आणि जमीनदार एकमेकांच्या जिवावर उठलेले. अशा वेळी विनोबा हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी निघाले, तेही चक्क पायी! संमेलनानंतर ते तेलंगणातल्या गावांत शिरले. १८ एप्रिलला पोचमपल्लीतल्या दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर मागितले, ४० ओलिताचे, ४० कोरडवाहू. विनोबांनी गावालाच विचारलं, कोण देतं? रामचंद्र रेड्डी १०० एकर द्यायला तयार झाले. भूदान सुरू झालं ते असं.

पुढची तेरा वर्षं विनोबा चालतच राहिले. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा, माझा वाटा द्या, हे त्यांचं मागणं. लक्ष्य ५ कोटी एकरांचं होतं. कागदावर ४० लाखांहून जास्त एकर मिळाले. पण त्यातली बरीच जमीन खडकाळ निघाली, काही आधीच वादात होती, कित्येकांना ताबा मिळालाच नाही. दानपत्रावर सही करणं सोपं, सातबाऱ्यावरचं नाव बदलणं अवघड.

१९६४ साली विनोबा पवनारला परतले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी इथेच गेले.

संध्याकाळी नदीकाठी थोडं बसा. गावाकडे वीतभर बांधावरून काका-बाबांची कोर्टात तारीख पडलीय, असं आपल्यापैकी अनेकांच्या घरी चालू असतं. अशा घरात कुणी सहावा भाऊ वाटा मागत आला, तर आपण दार उघडू?

कसं जाल : वर्धा किंवा सेवाग्राम स्टेशनला उतरा, पुढे ऑटो.