नावातलं चर्च आणि भिंतीतलं चर्च

परळच्या भोईवाड्यात कोणालाही जवळचं पोर्तुगीज चर्च विचारा, तो दादरच्या गोखले रोडचा रस्ता दाखवील. टॅक्सीवालेही त्याला पोर्तुगीज चर्चच म्हणतात. फ्रान्सिस्कन साधूंनी 1596 मध्ये उभारलेलं अवर लेडी ऑफ सॅल्व्हेशन ते हेच. आज तिथे दिसते ती मात्र वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची, 1970च्या दशकातली इमारत: उंच काँक्रीटची छपरं, वरून उतरणारा उजेड, मधे मोकळे चौक. मला ती मनापासून आवडते. पण जुन्या पोर्तुगीज बांधकामाचे फोटो काढणाऱ्याला तिथे हवी ती भिंत सापडायची नाही.

ती शोधायची तर उलट दिशेला, आचार्य दोंदे मार्गावरच्या हाफकिन संस्थेकडे वळावं लागतं. लस आणि सर्पविषावरचा उतारा यांसाठी हाफकिनचं नाव घरोघरी ठाऊक. तिथली जुनी मुख्य इमारत मुळात जेझुइट या ख्रिस्ती पंथाचा मठ होती, हे परळकरांनाही सहसा माहीत नसतं. 1720च्या सुमारास इंग्रजांनी ही जागा जेझुइटांकडून काढून घेतली आणि पुढे तिथे गव्हर्नर राहू लागले. प्रार्थनागृहाच्या जागी भोजनगृह झालं, त्याच्यावर नाचाचा दिवाणखाना. प्लेगच्या साथीत, 1899 मध्ये, वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा इथे आली. मठ, राजवाडा, प्रयोगशाळा: एकाच इमारतीने तीन संसार केले.

अशा वास्तूपुढे ‘छान अँगल’ शोधणं निरुपयोगी. कॅमेरा पातळीत, उभ्या रेषा उभ्याच राहतील असा कंटाळवाणा समोरचा फोटो आधी घ्यायचा. शिखर मावावं म्हणून कॅमेरा वर उचलला की सगळी इमारत मागे कलते. शिफ्ट लेन्स असेल तर उत्तम. नसेल तर समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना गोड बोलून गॅलरी मागावी. मग खिडकीच्या कोनाड्याचा फोटो, मोजपट्टी धरून, म्हणजे भिंतीची जाडी कळते. दर्शनी भाग प्रत्येक मालक आपल्या हौसेने बदलतो. भिंतीची जाडी बदलायला खर्च फार. संस्थेचं काम चालू असतं, तेव्हा लेखी परवानगी आधी काढावी, हे वेगळं सांगायला नको.

वसईच्या पोर्तुगीज किल्ल्यात अडचण वेगळी. छप्पर उडालेली चर्चं, कमानींतून दिसणारं आभाळ, त्यामुळे प्रत्येक फोटो आपोआप ‘काव्यमय’ होतो आणि प्री-वेडिंगवाल्यांची रांग लागते. मी तिथे खाली बघतो. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर पोर्तुगीज अक्षरं. पायांनी आणि पावसाने ती इतकी झिजली आहेत की भर दुपारी नुसता सपाट दगड दिसतो. समोरून फ्लॅश मारला तर उरलंसुरलंही पुसलं जातं. टॉर्च जमिनीलगत, जवळजवळ आडवा धरा. प्रत्येक खोबणीत सावली साचते आणि ‘सेपुल्तुरा’ असा शब्द वर येतो. टॉर्च चारही बाजूंनी फिरवून चार फोटो घ्यावेत, कारण एका उजेडात न दिसलेला फाटा दुसऱ्यात दिसतो. काही जण अक्षरं उठावीत म्हणून खडू घासतात. कृपा करून घासू नका. आणि हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. ट्रायपॉड न्यायचा तर परवानगी लागते.

वसईचं दस्तऐवजीकरण वसईत संपतही नाही. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर चर्चच्या घंटा देशावर गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. वाईजवळच्या मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला अशा घंटा आहेत. वसईच्या चर्चच्या फोटोंचा माझा संच मी या घंटांशिवाय अपुराच समजतो. माणसं त्यांना ओवाळतात, त्यांच्या दोरीला हात लावून नमस्कार करतात. तेही फोटोत यायला हवं.

राहिलं दादर. कोरियांच्या आधीचं चर्च आता पाहायचं तर जुन्या फोटोंतच. ते माझ्यासारख्यांच्या नव्हे, तुमच्या घरच्या अल्बममध्ये असणार: 1970च्या आधीचं लग्न, बाप्तिस्मा, नाहीतर शेजाऱ्यांच्या लग्नाला गेलेले आजी-आजोबा. या दिवाळीत कपाट आवराल तेव्हा तो फोटो काढा. नवरा-नवरीच्या मागे काय दिसतंय ते बघा, पाठीमागे मऊ पेन्सिलीने साल आणि ठिकाण लिहा, स्कॅन करा आणि एक प्रत चर्चच्या कार्यालयात नेऊन द्या. बॉलपेन वापरू नका, अक्षरं पुढच्या बाजूला उमटतात.