गाठ ओली करून

लहानपणी आमच्या वाडीतील बावखलाच्या काठी बसून मी मासे गरवीत असे. बांबूची काठी, आईच्या शिवणाच्या डब्यातून न विचारता घेतलेला दोरा, वाकवलेली टाचणी आणि केळीच्या बुंध्याशी उकरून काढलेले गांडूळ, एवढाच आमचा सरंजाम. मासा लागला तर घरी नेऊन मिरवायचा, दोरा तुटला तर दुसरा आणायचा. तुटलेल्या दोऱ्याबरोबर टाचणी गिळून गेलेल्या माशाचे पुढे काय होते, हा प्रश्न कधी मनात आला नाही. तो आला पन्नाशीच्या उंबरठ्यावर, सातासमुद्रापलीकडे, मिशिगन राज्यातील एका तळ्यावर.

२०१६ पासून लागोपाठ तीन उन्हाळे मी त्या राज्याच्या नैऋत्य भागातील एका लहानशा धर्मग्रामात राहिलो. तेथील धर्मगुरू रजेवर जात आणि त्यांच्या जागी मी मिस्सा, आजाऱ्यांच्या भेटी, अंत्यविधी पाहत असे. मिशिगनमध्ये ११ हजारांहून अधिक तळी आहेत. पहिल्याच रविवारी मिस्सेनंतर ऐंशीच्या घरातील एक गृहस्थ पुढे आले. कारखान्यात साचे आणि हत्यारे घडविण्यात त्यांची हयात गेली होती. पत्नी निवर्तली होती, मुले दूरच्या शहरांत होती. "फादर, सोमवारी तुम्हाला सवड असते ना? पहाटे पाचला तयार राहा," एवढेच ते बोलले. मी त्यांना मनातल्या मनात 'बाबा' म्हणू लागलो. ह्या लेखात तेच नाव ठेवतो.

बाबांनी आधी मला मासेमारीचा परवाना काढायला लावला आणि मग तळ्यावर नेले. तेथील लोकांचे प्रेम बास ह्या माशावर. हिरवट पाठ, कुशीवरून गेलेला काळसर पट्टा आणि डोळ्याच्याही मागे पोहोचणारा जबडा अशी त्याची ठेवण. पाणवेलीच्या किंवा बुडालेल्या ओंडक्याच्या सावलीत तो दबा धरून बसतो आणि समोरून काही हलत गेले की झडप घालतो. ह्या स्वभावामुळेच त्याला लाकडाच्या, धातूच्या, रबरासारख्या मऊ प्लास्टिकच्या खोट्या आमिषांनी फसविता येते. आमच्या धर्मग्रामापासून जवळच डवाजॅक नावाचे गाव आहे. तेथे जेम्स हेडन नावाचा मधमाश्या पाळणारा गृहस्थ होऊन गेला. मित्राची वाट पाहत असता त्याने चाकूने तासलेला लाकडाचा तुकडा सहज गिरणीच्या तळ्यात भिरकावला आणि एका बासने त्याच्यावर झडप घातली, अशी कथा तेथे सांगतात. कथा असो वा इतिहास, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेडन लाकडी बेडूक कोरू लागला आणि त्यातून त्या गावात आमिषांचा कारखाना उभा राहिला, हे मात्र खरे.

पहिल्या आठवड्यात बाबांबरोबर साधनांच्या दुकानात गेलो, तेव्हा जत्रेत आलेल्या पोरासारखी माझी अवस्था झाली. जे चकाकते ते हवेसे वाटे. बाबा म्हणाले, "आधी तळे पाहा, मग आमिष ठरवा, मग दोरा, मग काठी. लोक काठीपासून सुरुवात करतात आणि तेथेच चुकतात." विचार केला तेव्हा त्यांचे म्हणणे पटले. जेथे पाणवेली दाट आहेत तेथे मासा वेलींत घुसतो. त्याला बाहेर ओढण्यासाठी जाड दोरा आणि ताठ काठी लागते. जेथे पाणी नितळ आणि मोकळे आहे तेथे बारीक दोरा आणि हलके आमिष हवे, आणि हलके आमिष दूर फेकायचे तर काठीचे टोक लवचिक हवे. किती ताकदीचा दोरा आणि किती वजनाचे आमिष चालेल, हे प्रत्येक काठीवर मुठीच्या वरच्या बाजूस छापलेले असते. काठी, रीळ, दोरा आणि आमिष ह्या चौघांचा मेळ जमला पाहिजे. त्यांपैकी एकच भारी घेऊन भागत नाही.

रिळांचे मुख्य प्रकार दोन. एकात दोऱ्याची फिरकी स्वतः फिरते. ह्या जातीची सुरुवात केंटकीमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने केली. ह्यात नेम चांगला साधतो. परंतु आमिष पाण्यावर टेकले तरी फिरकी फिरत राहिली, तर दोऱ्याची अशी गुंतवळ होते की ती सोडविता सोडविता सकाळ संपते. दुसऱ्या प्रकारात फिरकी स्थिर राहते आणि दोरा तिच्या कडेवरून सुटत जातो. नवशिक्याने हेच घ्यावे. बाबांनी मला तेच दिले, साडेसहा फुटांच्या मध्यम ताकदीच्या काठीवर.

दोरा तीन प्रकारचा मिळतो. नायलॉनचा दोरा ताणतो, पाणी शोषतो आणि उन्हाने कमकुवत होतो. फ्लुरोकार्बनचा दोरा बुडतो आणि पाण्यात कमी दिसतो. वेणीसारखा विणलेला दोरा बारीक असून बळकट, जवळजवळ न ताणणारा. पाणवेलींत तो कामाचा. बाबांनी माझ्यासाठी १० पौंड ताकदीचा नायलॉन निवडला. "हा ताणतो, म्हणून तुमचा हिसका पोटात घालील," ते म्हणाले.

आता माझ्या अपराधाकडे येतो. दुसऱ्या उन्हाळ्यातील जुलैची एक पहाट होती. पाण्यावर वाफ तरंगत होती आणि कमळाच्या पानांच्या कडेला मासे उसळत होते. बाबांनी आमिषांची पेटी माझ्यापुढे सरकवली. एका कप्प्यात काचेच्या डोळ्यांचे, रंगाला तडे गेलेले एक जुने लाकडी आमिष होते. त्याच्या पोटाशी आणि शेपटीशी एकेक तिहेरी गळ. ते त्यांच्या वडिलांचे होते. मी हात आखडता घेतला, तर म्हणाले, "घ्या ना. आमिष पाण्यासाठी असते, कपाटासाठी नव्हे." मासे उसळत होते आणि मला घाई झाली होती. दोरा कडीतून ओवला, चार-पाच वेढे दिले आणि तशीच कोरडी गाठ खसकन आवळून मोकळा झालो.

तिसऱ्या फेकीला पाणी फुटले. काठी कमानीसारखी वाकली. एक थोरला बास पाण्याबाहेर आला, हवेत त्याने तोंड उघडून डोके झाडले, आणि माझ्या हातातील सारे वजन एकदम नाहीसे झाले. दोरा ओढून घेतला तर टोकाला काही नव्हते.

बाबांनी ते टोक दोन बोटांत धरून उजेडाकडे केले. ते डुकराच्या शेपटीसारखे वळलेले होते. "दोरा तुटलेला नाही, फादर. गाठ सुटली आहे." तुटलेल्या दोऱ्याचे टोक खरबरीत किंवा सरळ असते, वळलेले टोक म्हणजे वेढे घसरत घसरत उलगडल्याची खूण. नायलॉनची गाठ कोरडी आवळली तर घर्षणाने दोरा तापतो आणि कमजोर होतो, वेढेही एकमेकांवर नीट बसत नाहीत. म्हणून ती थुंकीने ओली करून सावकाश आवळायची असते. हे त्यांनी मला पहिल्याच उन्हाळ्यात शिकविले होते.

वडिलांच्या त्या आठवणीबद्दल मी क्षमा मागू लागलो, तर त्यांनी हात वर करून मला थांबविले. "लाकडाचे मला दुःख नाही. तो मासा आता तोंडात गळ घेऊन फिरतो आहे. दोन्ही गळ रुतले असतील तर त्याला जबडा उघडता येणार नाही, खाता येणार नाही." पुष्कळदा असा मासा डोके झाडून आमिष टाकून देतो आणि लाकूड असल्यामुळे ते वर तरंगते. त्या आशेने आम्ही तासभर काठाकाठाने होडी वल्हवीत फिरलो. त्या आठवड्यात मी रोज पहाटे एकटाच जाऊन पाहून आलो. आमिष सापडले नाही.

त्याच संध्याकाळी बाबांनी मला त्यांच्या घरामागील कामाच्या खोलीत बोलाविले. रागावले नाहीत, कारखान्यात उमेदवाराला शिकवावे तसे शिकविले. वाचकांपैकी कोणाची मुले-नातवंडे त्या देशात असतील आणि गळ घेऊन तळ्यावर जात असतील, तर त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून ते येथे नोंदवितो.

पालोमार नावाची गाठ शिकावी. दोरा दुहेरी करून गळाच्या कडीतून ओवावा, साधी सैल गाठ मारावी, उरलेल्या फासातून गळ पलीकडे काढावा, ओले करावे आणि सावकाश आवळावे. ही गाठ सोपी आहे आणि सहसा घसरत नाही. दर थोड्या वेळाने दोऱ्याचा शेवटचा हातभर भाग चिमटीतून ओढून पाहावा. खरखर लागली तर तेवढा कापून नवी गाठ मारावी. कापलेला तुकडा खिशात ठेवावा, काठावर टाकू नये. पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढावे. नखाला धरले तर ते तीक्ष्ण, घसरले तर बोथट, मग बारीक कानस फिरवावी. गळावरील उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा, म्हणजे मासा लवकर सोडविता येतो, आणि दोरा तुटलाच तर गळ झाडून टाकणे त्यालाही सोपे जाते.

काठीवरच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवावा. तंतू जेथे अडकतील तेथे कडीला तडा आहे, आणि ती कडी दोरा कापणार. रिळावर पाण्याचा जोराचा फवारा मारू नये, त्याने वाळू आत शिरते. ओल्या फडक्याने पुसावे, फिरत्या भागांना तेलाचा एखादा थेंब आणि दात्यांना थोडे ग्रीस द्यावे. जास्त दिले तर धूळ धरते. रिळाला ड्रॅग म्हणून एक चाप असतो. माशाने जोर केला की तो दोरा थोडाथोडा सोडतो. दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका तो घट्ट ठेवावा आणि घरी आल्यावर सैल करावा. आमिषे ओली असता पेटी मिटू नये, गळ गंजतात. मऊ प्लास्टिकची आमिषे रंगविलेल्या आमिषांशेजारी ठेवू नयेत, दोन्ही चिकटून वितळतात. बाबा शिशाची वजने वापरीत नसत. हरवलेले शिसे लून नावाचे पाणपक्षी गिळतात आणि विषबाधेने मरतात. न्यू हॅम्पशायर राज्याने तर २००० सालापासून तळ्यांवर लहान शिशाच्या वजनांना बंदी घातली.

जॉर्जियातील जॉर्ज पेरी ह्या तरुणाने २ जून १९३२ रोजी २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे १० किलोंचा बास पकडला. तो विक्रम २००९ साली जपानमध्ये गाठला गेला, पण निर्विवादपणे मोडला गेला नाही. पेरीचे दिवस हलाखीचे होते. तो मासा त्याच्या घरी शिजविला गेला, असे सांगतात. पुढे १९७२ साली रे स्कॉट यांनी बासच्या स्पर्धांत मासा जिवंत परत सोडण्याचा पायंडा पाडला, आणि आज बहुतेक हौशी लोक तसेच करतात. भुकेसाठी मासा धरण्यात मला काही गैर वाटत नाही. आमच्या वसईत ते कोणाला वाटणार? पण ज्याला आपण केवळ आपल्या आनंदासाठी पाण्याबाहेर काढतो आणि परत सोडणार म्हणतो, त्याचे आपल्यावर काही देणे लागते. ते देणे आदल्या रात्री, घरी, दिव्याखाली फेडायचे असते. तळ्यावर पोहोचल्यावर फार उशीर झालेला असतो.

शुभवर्तमानात पेत्र आणि अंद्रिया जाळी सोडून निघाले, ह्यावर मी कितीतरी प्रवचने दिली. त्याच पानावर जब्दीचे पुत्र याकोब आणि योहान होडीत बसून जाळी नीट करीत होते, असे लिहिले आहे. त्या वाक्यावरून मी इतकी वर्षे भरभर पुढे जात आलो होतो. मे महिन्यात एकेका दिवशी तीन-तीन लग्ने लावणाऱ्या माझ्यासारख्याने घाईत कोरड्या आवळलेल्या गाठींविषयी अधिक काही न बोललेले बरे.

तिसऱ्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा बाबांचे हात कापू लागले होते आणि गळाची कडी त्यांना दिसत नव्हती. होडीत बसल्यावर त्यांनी काही न बोलता दोऱ्याचे टोक माझ्याकडे दिले. मी गाठ मारली, ओली केली, सावकाश आवळली. त्यांनी गळ पक्कडीत धरून दोरा दोनदा ओढून पाहिला आणि मान हलविली. त्या सकाळी त्यांना एक मध्यम बास लागला. त्यांनी हात पाण्यात बुडवून ओला केला, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर निघून जातो, आणि गळ काढून त्याला सोडून दिले. मासा क्षणभर होडीच्या सावलीत थांबला, मग खाली गेला.

आता पाचूबंदरच्या बाजूला आजाऱ्यांना भेटायला जातो, तेव्हा वाटेत कोणी जाळे तुणीत बसलेले दिसले की मी थांबतो. पूर्वी 'काय, आज दर्यावर गेला नाहीत?' असे विचारीत असे. आता विचारीत नाही. शेजारी बसतो आणि गाठ कशी मारतात ते पाहतो.