फळ्यावरची बातमी

वर्तमानपत्र उघडले की दिल्लीची बातमी कळते, परदेशातील युद्धाची कळते आणि क्रिकेटच्या सामन्याचा निकालही कळतो. पण उद्या आपल्या गल्लीतील नळाला पाणी येणार की नाही, हे त्यात बहुधा नसते. पोलिओचा डोस कोणत्या शाळेत मिळेल, रेशनकार्डाचे अर्ज कोठे मिळतील, गटाराचे काम कधी सुरू होईल, या बातम्या लहान असतात. त्या आपल्या गावापुरत्याच असतात. मला मात्र लहानपणापासून याच बातम्यांची ओढ आहे.

माझे आजोळ एक लहानसे खेडे. तेथे बातमी ढोलाच्या आवाजाबरोबर येत असे. ग्रामपंचायतीचा शिपाई चौकात उभा राही, ढोल वाजवी आणि मोठ्याने सांगे, "ऐका हो ऐका! उद्या सकाळी दहा वाजता ग्रामसभा आहे!" मग तो पुढच्या आळीत जाई. यालाच दवंडी म्हणतात. दवंडी ऐकायला लिहिता-वाचता यावे लागत नाही. चुलीपुढे बसलेल्या माझ्या नानीलाही ती घरबसल्या कळे.

आमचे स्वतःचे गाव तालुक्याचे. तेथे नगरपालिका होती आणि दवंडीच्या जागी फळा होता. कचेरीच्या व्हरांड्यात, जाळीच्या चौकटीत टंकलिखित कागद टाचलेले असत. आमच्या मोहल्ल्यातील मोठी माणसे उर्दू वाचत. त्यांचा हिशोब उर्दूत, पत्रे उर्दूत, वर्तमानपत्रही उर्दूत. मराठी ती झकास बोलत. बाजारात, शेतावर, एस.टी.त त्यांचे कधी अडत नसे. पण सरकारी मराठीतील लांबलचक वाक्ये वाचताना ती अडखळत. त्यामुळे बहुतेक जण त्या फळ्यासमोरून न थांबताच पुढे जात.

१९९४ साली मी आठवीत होते. शाळेच्या वाटेवरच नगरपालिकेची कचेरी होती. मराठीचा सराव व्हावा म्हणून मी आणि माझी मैत्रीण फळ्यावरचे कागद वाचत असू. एके दिवशी तेथे नवा कागद दिसला. 'घरपट्टीची नवीन यादी तयार झाली असून ती कार्यालयात पाहावयास ठेवली आहे. कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांचे आत लेखी कळवावी,' असा त्याचा मजकूर होता. आम्ही तो वहीत उतरवून घेतला आणि रात्री घरी वाचून दाखवला. अब्बांनी तो दोनदा ऐकला. शेजारच्या खालाही तेथे बसल्या होत्या. त्या विधवा होत्या आणि कपडे शिवून घर चालवत. दुसऱ्या दिवशी अब्बा त्यांना घेऊन कचेरीत गेले. यादीत पाहतात तो काय! खालांच्या घरामागील बकऱ्यांचा पत्र्याचा गोठा 'खोली' म्हणून लिहिलेला होता. गोठ्याची खोली झाली म्हणून घरपट्टीही वाढली होती.

मी मराठीत अर्ज लिहिला. आमच्या मराठीच्या सरांनी तो तपासून दिला. खालांनी खाली उर्दूत सही केली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कचेरीचा शिक्का मारून घेतला. काही दिवसांनी एक कर्मचारी पाहणीसाठी आला. गोठ्यात शिरताच दोन बकऱ्यांनी त्याचे स्वागत केले. त्याला हसू आवरेना. पुढे सुनावणी झाली आणि ती 'खोली' यादीतून निघाली.

याच गल्लीच्या टोकाला एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांच्या घराचे मापही चुकले होते. त्यांना ते बिल हाती आल्यावर कळले. ते कचेरीत गेले तेव्हा कारकुनाने फळ्याकडे बोट दाखवले. कागद तेथे तीस दिवस लागलेला होता आणि मुदत संपली होती. त्या वर्षी त्यांना वाढीव घरपट्टी भरावी लागली. आमची वही त्यांच्या दारापर्यंत पोचली असती, तर त्यांचेही पैसे वाचले असते. त्या दिवसापासून मोहल्ल्यातील मुले पाळीपाळीने फळा वाचू लागली. शुक्रवारच्या नमाजनंतर तो मजकूर चहाच्या दुकानात उर्दूत सांगितला जाई.

फळा वाचता वाचता मला एक गंमत कळली. त्यावरील कितीतरी शब्द आपल्या ओळखीचेच असतात. अर्ज, तारीख, मुदत, मंजूर, जाहीर, खर्च, वसूल हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि येथेच रमले. काहींनी मात्र अर्थ बदलला. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल, मराठीत ती आक्षेप होते. उर्दूत 'सिक्का' खिशात खुळखुळतो, मराठीत 'शिक्का' कागदावर बसतो. शाळेत शिरताना उर्दूत 'दाखला' होतो आणि शाळा सोडताना मराठीत 'दाखला' मिळतो! एवढे ध्यानात ठेवले की सरकारी कागदाची भीती वाटत नाही.

आता कायदाही आपल्या बाजूला आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींना आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना १९९३ साली राज्यघटनेत स्थान मिळाले. १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीचा अधिकार कायदा पूर्णपणे लागू झाला. कार्यालयाने बरीचशी माहिती कोणी न मागताच जाहीर करावी, असे त्याचे चौथे कलम सांगते. ती जाहीर करताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असेही त्यात आहे. सूचनाफलक आणि जाहीर घोषणा यांचाही त्यात उल्लेख आहे. म्हणजे आमचा फळा आणि नानीची दवंडी, दोन्ही कायद्यात जाऊन बसली!

अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीबरोबर उर्दूतही नाव लिहिलेले आहे. त्यावरून वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मराठीच्या जोडीला उर्दू वापरण्यास कायद्याची मनाई नाही, असा निकाल १५ एप्रिल २०२५ रोजी लागला. भाषा धर्माची नसून माणसांची असते आणि एकमेकांशी संवाद साधणे हे तिचे मुख्य काम, असे न्यायालयाने सांगितले. खालांच्या मराठी अर्जाखाली उर्दू सही होती, तेव्हा आम्हाला यातले काही ठाऊक नव्हते. काम मात्र तेच झाले होते.

आज गावची बातमी मोबाइलवर येते. ती झटपट येते, पण तिच्यासोबत अफवाही येते. 'उद्यापासून पाणी बंद' असा निरोप आला की सारा मोहल्ला हंडे भरायला धावतो. अशा वेळी चार गोष्टी पाहाव्यात. निरोप कोणत्या कार्यालयाचा आहे? त्यावर तारीख व जावक क्रमांक आहे का? अधिकाऱ्याची सही आहे का? आणि मुदत कधीपर्यंत आहे? यांतले काहीच नसेल, तर तो निरोप पुढे पाठवण्याआधी कचेरीत विचारून यावे.

मुलांनो, तुमच्याही वाटेवर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा फळा असेल. तेथे दोन मिनिटे थांबा. अडलेला शब्द सरांना विचारा. घरी गेल्यावर तो मजकूर अम्मीला, दादीला आणि शेजारच्यांना उर्दूत समजावून सांगा. मतदार होण्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. फळा वाचण्यासाठी मात्र वयाची अट नाही.